अडॅप्टरवर जुनी २४ मिमी लांबचं शार्प देईना – लेन्स गंडलीय की अडॅप्टर?

काचवेडा:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गाडी अडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कपाटात फिल्मच्या काळातल्या तीन निकॉन लेन्स पडून होत्या, एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी) एआय प्रकारच्या, सगळ्या मॅन्युअल फोकस. २४ मिमी एफ/२.८, ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२.८. बॉडी माझी सोनीची, फुलफ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेलवाली. म्हटलं काचा चकाचक आहेत, बुरशी नाही, वाया का घालवायच्या, म्हणून निकॉन एफ ते सोनी ई असा साधा अडॅप्टर मागवला, म्हणजे नुसती धातूची नळी, आत काच नाही नि विजेचे कॉन्टॅक्टही नाहीत. पहिल्या दिवशी कॅमेरा क्लिकच करेना. दोन तास गेले, मग मेनूत कुठेतरी खोल 'रिलीज विदाउट लेन्स' (लेन्स ओळखली नाही तरी क्लिक कर) सापडलं, ते चालू केलं तेव्हा गाडी सुरू झाली.

५० आणि १३५ ने जीव खूश केला, खोटं कशाला बोलू. २४ मात्र रडवतेय. दोन-तीन मीटरवरचे फोटो कडक येतात, पण बाहेर जाऊन लांबची इमारत घेतली की रिंग पार टोकाला टेकवूनही खिडक्यांच्या कडा पुसट. पीकिंगच्या लाल रेघा (स्क्रीनवर फोकसमधल्या कडा दाखवतात त्या) जवळच्या झाडावरून सरकत सरकत इमारतीकडे निघतात, आता चढतील आता चढतील असं वाटतं आणि तेवढ्यात रिंग थांबते. एफ/८ ला, म्हणजे अपर्चर बारीक केलं की, चालून जातं, एफ/२.८ ला, म्हणजे पूर्ण उघडं, बघवत नाही.

लेन्स गेलीय की अडॅप्टरमध्ये काही आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंद_शटर:

लेन्स. जुन्या वाइड अशाच असतात, फिल्मवर खपून जायचं, डिजिटलवर शंभर टक्के झूम करून बघितलं की पितळ उघडं पडतं. माझ्याकडे एक २८ होती, दूरचं सगळं साबणाचा हात फिरवल्यासारखं. चार महिन्यांपूर्वी देऊन टाकली नि सुटलो. तुम्हीही सुटा.

बोकेबंडू:

मंद_शटर यांच्याशी असहमत. जुन्या लेन्सची मजा शार्पनेसमध्ये नसतेच मुळी. एम४२ (जुनं स्क्रूचं माउंट) अडॅप्टर घ्या आणि हेलिओस ४४-२ लावा, ५८ मिमी एफ/२, मागे पानं असली की बोके, म्हणजे मागची धूसर नक्षी, कसा गरगर फिरतो बघा, इन्फिनिटी, म्हणजे पार लांबचा फोकस, गेली खड्ड्यात.

फोकसवाली:

बंडू, त्याचा प्रश्न काय, तुझं उत्तर काय :)

काचवेडा, दोन गोष्टी सांगा. मधला भागही पुसट आहे की फक्त कोपरे? आणि 'रिंग थांबते' म्हणालात, म्हणजे अजून थोडी फिरली असती तर शार्प झालं असतं असं वाटतं का? फक्त कोपरे मऊ असतील तर ते वेगळं दुखणं. सेन्सरवर काचेचा थर असतो, त्यातून फार तिरके किरण गेले की कोपरे ओघळतात, पण तो त्रास जास्त करून रेंजफाइंडरच्या (बिनआरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्सना होतो, त्यांची मागची काच सेन्सरला खेटून असते. एसएलआरच्या वाइडला आरशासाठी जागा सोडावी लागायची म्हणून तिची मागची काच लांबच असते, ती एवढी रडवत नाही.

काचवेडा:

मधोमधही पुसट. आणि हो, बरोब्बर तेच, अजून एक केसभर फिरली असती तर झालं असतं असं दर वेळी वाटतं.

वर्कशॉपवाला:

मग लेन्सला शिव्या देणं थांबवा. अडॅप्टर जाड आहे.

थोडं मुळातून सांगतो, नंतर येणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. प्रत्येक माउंटचं एक अंतर ठरलेलं असतं, लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत. फ्लँज अंतर म्हणतात त्याला. निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनॉन ईएफचं ४४, एम४२ चं ४५.४६, कॅनॉनच्या जुन्या एफडीचं ४२. हे सगळे आरसेवाले, आरसा वर उचलायला जागा लागते म्हणून अंतर मोठं. मिररलेसमध्ये आरसाच नाही त्यामुळे अंतर एकदम कमी, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, कॅनॉन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, निकॉन झेड तर फक्त १६. अडॅप्टर हा या दोन अंतरांमधला फरक भरून काढणारा तुकडा, बाकी काही नाही. तुमच्या केसमध्ये ४६.५ वजा १८, म्हणजे नळी २८.५ मिमीची पाहिजे. यातलं पॉइंट पाच महत्त्वाचं नाही असं समजू नका, पॉइंट एकसुद्धा महत्त्वाचं आहे. अडॅप्टर हवा त्यापेक्षा जाड निघाला तर लेन्स सेन्सरपासून लांब राहते आणि इन्फिनिटी गाठायला तिला जेवढं आत यायला हवं तेवढं ती येऊ शकत नाही, कारण तिचा स्टॉप लागतो. रिंग थांबते म्हणताय ना, ती ही.

किती फरक पडतो त्याचा ढोबळ हिशोब असा, फोकल लेंथचा वर्ग करायचा आणि जाडीतल्या चुकीने भागायचा, दोन्ही मिमीमध्ये. उत्तर येतं ते लेन्स जास्तीत जास्त किती लांब फोकस करू शकेल ते अंतर. समजा चूक ०.१ मिमी. २४ चा वर्ग ५७६, भागिले ०.१, म्हणजे ५७६० मिमी. पावणेसहा मीटरच्या पलीकडे तुमची २४ जाऊच शकत नाही. ५० ची मर्यादा २५ मीटर. १३५ ची १८२ मीटर. आता तुम्हीच सांगा, १३५ ने १८२ मीटरपलीकडचं काय काढलं होतंत?

काचवेडा:

बाप रे. १३५ ने फक्त माणसांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढलेत, पक्षीही अंगणातले. ५० ने घरातलेच. म्हणजे त्या दोघी चांगल्या आणि ही वाईट असं नसून त्यांची परीक्षाच झाली नाही असं म्हणायचं का?

पण एक शंका, एफ/८ ला मग बरं का येतं?

फोकसवाली:

तेच तर फसवं आहे ना यात. इन्फिनिटीच्या बिंदूचा सेन्सरवर जो ठिपका होतो त्याचा आकार साधारण जाडीतली चूक भागिले एफ नंबर. ०.१ भागिले २.८ म्हणजे ०.०३६ मिमी, तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिमीच्या आसपास, म्हणजे ठिपका सहा पिक्सेल पसरला. एफ/८ ला तोच दोन पिक्सेल. मग माणूस म्हणतो लेन्स उघडी मऊ आहे, बंद केल्यावर सुधारते, जुन्या लेन्सबद्दल सगळे हेच बोलतात म्हणून पटतंही लगेच. काचेचा दोष आणि अडॅप्टरचा दोष फोटोत एकसारखे दिसतात.

आणि वर्कशॉपकाका, तुमचं गणित बरोबर आहे पण त्यातून एक गैरसमज होईल. या ठिपक्याच्या हिशोबात फोकल लेंथ कुठेच नाही. म्हणजे खरोखर इन्फिनिटीला असलेली गोष्ट एफ/२.८ ला १३५ मध्येही तेवढीच पसरणार, ठिपका तोच सहा पिक्सेलचा. वाइड जास्त बदनाम होते कारण तिने आपण लांबचंच काढतो.

तर काचवेडा, आज आभाळ मोकळं असेल तर १३५ चंद्रावर लावा. एफ/२.८, रिंग टोकाला टेकवलेली, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर. चंद्र उजेडात असतो, शटर हळू ठेवू नका, नाहीतर नुसता पांढरा लाडू येईल. चंद्र पुसट आला तर दोन लेन्स एकदम बिघडल्यात असं होणार नाही, गुन्हेगार दोघींमधला कॉमन माणूस.

वर्कशॉपवाला:

मान्य. चंद्राची टेस्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, भारी आहे.

नवखा_५०:

मध्येच घुसतोय, माफी. माझ्याकडे कॅनॉनचा डीएसएलआर आहे आणि मित्राकडे सोनीच्या मस्त लेन्स. त्या माझ्या कॅमेऱ्याला लावायला कोणता अडॅप्टर मिळेल?

वर्कशॉपवाला:

कोणताच नाही. लेन्सला १८ हवेत, तुमच्या बॉडीत आधीच ४४ आहेत. अडॅप्टर वजा २६ मिमी जाडीचा लागेल :) मोठ्या अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या बॉडीवर जाते, उलटं नाही. थोडक्यात हुकलं असेल, म्हणजे एम४२ लेन्स निकॉन डीएसएलआरवर, तिथे जेमतेम एक मिमी कमी पडतं, तर अडॅप्टरमध्ये काच घालून इन्फिनिटी मिळवतात, पण ती काच बहुतेक वेळा चित्राची वाट लावते. काच काढून टाका आणि जवळचे फोटो काढा, फुलं वगैरे.

बोकेबंडू:

नवखा, तुझ्या कॅनॉनवर एम४२ मात्र मस्त जाते, दीड मिमीची नुसती चकती लागते. फक्त फुलफ्रेम कॅनॉन असेल तर जपून, काही लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला एवढा आत येतो की आरसा त्यावर आपटतो. एका लेन्सवर मी तो आवाज ऐकलाय. क्लिकच्या जागी टक्. त्यानंतर दोन दिवस कॅमेऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, आरसा शाबूत निघाला हे नशीब. आणि ऑटो-मॅन्युअल असा खटका नसलेली एम४२ असेल तर मागची पिन दाबून धरणारी कड असलेला अडॅप्टर घे, नाहीतर अपर्चर रिंग फिरवतोस आणि पाती उघडीच राहतात.

मंद_शटर:

एवढी उस्तवार करण्यापेक्षा नवीन लेन्स घ्यावी असं माझं प्रामाणिक मत. ऑटोफोकस, स्टॅबिलायझेशन, सगळं आपोआप. निकॉनची रिंग कॅनॉन-सोनीच्या उलट्या दिशेला फिरते हेही कोणी बोललं नाही, दर वेळी हात चुकतो.

फोकसवाली:

तुमचं मत तुमच्यापाशी, पण एक दुरुस्ती. अडॅप्टर म्हटलं की ऑटोफोकस गेलाच असं नाही. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या माउंटमध्ये बऱ्यापैकी सगळं चालतं, कॅनॉनच्या ईएफ लेन्स ईएफ ते ईओएस आर अडॅप्टरवर नेटिव्हसारख्या चालतात, उलट मध्ये २४ मिमी जागा रिकामी आहे म्हणून त्यांनी त्यात फिल्टर सरकवायची सोयही काढली. निकॉनच्या एफटीझेडमध्ये (त्यांचा एफ ते झेड अडॅप्टर) मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात पण जुन्या स्क्रूवाल्या एएफ-डी हातानेच फिरवाव्या लागतात, हे न बघता घेतलेले किती तरी लोक नंतर हळहळतात. दुसऱ्या ब्रँडवर जाताना इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर दोन भाषांमधला दुभाषा असतो, फर्मवेअर अपडेट करत राहावा लागतो आणि तरी पळत्या मुलाच्या मागे नेटिव्ह लेन्ससारखा धावेल याचा भरवसा नाही.

आणि काचवेडासारखा कॉन्टॅक्ट नसलेला अडॅप्टर घ्यायचा असेल तर लेन्सवर अपर्चरची रिंग आहे का ते आधी बघा. ईएफ लेन्सचं अपर्चर विजेवर चालतं, करंट नाही तर ती कायम उघडी. त्यावर एक जुना जुगाड आहे, कॅनॉन बॉडीवर लेन्स लावून एफ/८ सेट करायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते तसंच धरून लेन्स काढायची, पाती एफ/८ ला अडकून राहतात. एकदा केलंय, पुन्हा करणार नाही. निकॉनच्या जी लेन्सलाही रिंग नाही पण तिचं अपर्चर दांडीवर चालतं, म्हणून अडॅप्टरवरच एक रिंग देतात, अंदाजपंचे फिरवायची. आणि ज्यांचा फोकसही विजेवर आहे अशा मिररलेसच्या नव्या लेन्स तर कॉन्टॅक्टशिवाय जागच्या हलतही नाहीत, रिंग नुसती गोल गोल फिरते.

व्हिडिओवाला:

वाखूसा (वाचनखूण साठवली). स्टॅबिलायझेशनचा विषय निघालाच आहे तर, काचवेडा, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन वापरत असाल तर लेन्स बदलली की मेनूत फोकल लेंथ हाताने टाका. कॉन्टॅक्ट नाहीत, कॅमेऱ्याला कळणार कसं. मी एकदा १३५ लावून आकडा २४ चाच ठेवला आणि अख्खं शूट डुगडुगत आलं, कॅमेरा थरथर सावरत होता पण २४ च्या हिशोबाने. लेन्सवर छापलेला आकडाच टाकायचा, सेन्सर क्रॉप म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान असला तरी क्रॉपने गुणायचा नाही.

क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी फोकल रिड्यूसर हाही एक प्रकार आहे, मेटाबोन्सचा स्पीड बूस्टर २०१३ साली आला तेव्हापासून व्हिडिओवाले त्याच्या प्रेमात आहेत. आतली काच चित्र ०.७१ पट लहान करते, म्हणजे ५० एफ/१.४ ची ३५ एफ/१ होते, एक स्टॉप उजेड जास्त, म्हणजे दुप्पट. इथे काच चित्राची वाट लावत नाही, ती नीट हिशोबाने केलेली असते. स्वस्त नकलांचं सांगत नाही, त्यातल्या एकीत माझ्या फ्रेमच्या मधोमध निळा ठिपका यायचा.

काचवेडा:

चंद्राचा निकाल. १३५ टोकाला टेकवून एफ/२.८, चंद्र म्हणजे पिठाचा गोळा. एकही खळगा दिसेना. एफ/११ केलं तर खळगे हजर. फोकसवाली, साष्टांग नमस्कार.

आता माझ्याकडे व्हर्नियर आहे. मोजायचं कुठून कुठपर्यंत?

वर्कशॉपवाला:

बॉडीला टेकणाऱ्या सपाट कड्यापासून लेन्सला टेकणाऱ्या सपाट कड्यापर्यंत. आत जाणारे बायोनेटचे कान मोजू नका आणि पत्र्याच्या स्प्रिंगाही नाहीत. वरखाली, डावीउजवीकडे अशा चार जागी मोजा, प्रत्येक ठिकाणी तीनदा. चारही आकडे सारखे आले पाहिजेत. एका बाजूला जास्त असेल तर लेन्स तिरकी बसतेय, मग फ्रेमची एक बाजू शार्प आणि दुसरी झोपलेली असा प्रकार होतो, त्यावर घरी इलाज नाही, अडॅप्टर परत करा.

आणि लेन्सकडच्या कड्याला स्क्रू असतील तर बघून ठेवा, त्याखाली बहुतेक पातळ चकती असते, शिम म्हणतात.

काचवेडा:

चारही जागी २८.६० ते २८.६२. म्हणजे ०.११ मिमी जाड.

सहा स्क्रू होते. दोन सुखासुखी निघाले, तिसऱ्याचं डोकं गुळगुळीत व्हायच्या बेतात होतं, मग नीट मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन वरून जोर देत सोडवला. कडं उचललं तर खाली खरंच एक चांदीच्या वर्खासारखी पातळ रिंग चिकटून बसलेली, तेल लागलेली, नखाने सोडवावी लागली. ०.१५ मिमी भरली. ती काढून सगळं परत बसवलं, आता माप २८.४६.

म्हणजे ०.०४ कमी पडतंय आता. चालेल का? की दुसरी शिम शोधू?

वर्कशॉपवाला:

पळेल. बाजारातले बरेच अडॅप्टर मुद्दामच जरा आखूड करतात, इन्फिनिटी चुकू नये म्हणून. तुमच्या २४ वर इन्फिनिटी आता चौदा-साडेचौदा मीटरच्या खुणेपाशी येईल, म्हणजे टोकाच्या अगदी आधी. रिंगवरचे आकडे थोडे खोटे बोलतील एवढंच, फोकस तर तुम्ही स्क्रीनवर मोठं करून बघणार.

फार आखूड मात्र नको. तुमच्या २४ मध्ये जवळच्या फोकससाठी आतली काही भिंगं वेगळी सरकतात, निकॉन त्याला सीआरसी म्हणते. अडॅप्टर ०.२ मिमी आखूड असेल तर इन्फिनिटी तीन मीटरच्या खुणेवर येते, भिंगं तीन मीटरच्या हिशोबाने बसलेली आणि तुम्ही बघताय डोंगर. मधला भाग ठीक येतो, कोपरे बिघडतात. मग परत माणूस म्हणतो, जुनी लेन्स, दुसरं काय.

फोकसवाली:

उघडलाच आहे तर नळीच्या आत टॉर्च मारून बघा. आतला काळा रंग चकचकीत असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंवर दुधाळ पडदा येतो. काळी मखमली पट्टी आत चिकटवली की फरक कळतो, फक्त तिचे तंतू सेन्सरवर पडणार नाहीत असं बघा.

काचवेडा:

आत्ताच आलो बाहेरून. तीच इमारत, तीच २४, एफ/२.८. पीकिंगच्या रेघा इमारतीवर चढल्या, वरच्या मजल्यापर्यंत गेल्या आणि उतरल्यासुद्धा, आणि त्यानंतर रिंग थांबली. मोठं करून बघितलं तर चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलच्या उभ्या सळ्या मोजता येतात, अकरा आहेत. कोपरे उघड्या अपर्चरला थोडे मऊ आहेत पण ते मी एफ/५.६ ला माफ करतो. मखमली पट्टी मागवलीय. सगळ्यांचे आभार, विशेषतः चंद्रवाल्या बाईंचे.

नवखा_५०:

अभिनंदन! मी दीड मिमीची चकती मागवलीय :)

मंद_शटर:

धागा सुरुवातीपासून परत वाचला. मग माझा अडॅप्टर काढून मोजला. २८.६७.

ती २८ ज्याला दिली तो परवाच सांगत होता की त्याच्या निकॉनवर काय कडक चालते म्हणून. मला वाटलं, बिचारा मन राखायला बोलतोय.